काळी नाही वो आत्या, निळी

माघातलं लग्न होतं. दारव्ह्यापासून आठ-नऊ किलोमीटर आत, चुलतभावाच्या पोरीचं. मुहूर्त टळून तास झाला तरी नवरदेव मारुतीच्या पारावरून हलला नव्हता, त्यामुळे मांडवात बायका निवांत बसून एकमेकींच्या साड्या पाहत होत्या. मी त्या दिवशी गर्द निळी साडी नेसले होते. दुकानदार ज्याला नेव्ही ब्लू म्हणतो तो निळा. सुती, काठ बोटभर आणि हळदीच्या रंगाचा, अंगात एकही बुट्टी नाही. मला ती फार आवडते. थोरली आत्या खुर्चीवर बसली होती, तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं आशीर्वाद देता देता पदर चिमटीत धरला आणि चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कावून वं, लग्नात काळी नेसून आली?" मी म्हटलं, "काळी नाही वो आत्या, निळी आहे." तिला पटलं नाही. मांडवाच्या दोन कापडांचा जोड एका जागी सुटला होता आणि तिथून उन्हाची पट्टी खाली सतरंजीवर पडली होती. मी पदर ओढून त्या पट्टीत धरला. क्षणात साडी निळी झाली. विहिरीत दुपारी वाकून पाहिलं की तळाशी दिसतो तेवढी खोल निळी. आत्यानं पाहिलं. "हं. निळी," म्हणाली, पदर सोडला आणि शेजारच्या बाईशी तुरीच्या भावाचं बोलायला लागली.

त्या 'हं'नं मला चार महिने सोडलं नाही.

आत्याची नजर चुकली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. मांडव लाल-केशरी कापडाचा होता. असल्या कापडातून गाळून आलेल्या उजेडात निळा जवळजवळ उरतच नाही, मग निळ्या साडीनं परत पाठवायचं तरी काय? ती काळीच दिसणार. हा रंग असाच आहे. लाल, पिवळा, हिरवा कुठेही ठेवा, ओळख देतात. गर्द निळ्याला उजेड लागतो, तोही खरा, आभाळाचा. यवतमाळच्या बाजारात मॅचिंगच्या दुकानात मी हे कितीदा अनुभवलं आहे. आत ट्यूबलाइटखाली मालक टू बाय टू रुबियाचे थानावर थान काढून टाकतो, साडीवर ब्लाउजपीस ठेवतो, आपल्याला वाटतं जमलं. तोच जुना माणूस मग स्वतःहून सांगतो, "ताई, पायरीवर नेऊन पाहा." पायरीवर येऊन पाहावं तर चार पिसं चार दिशांना गेलेली असतात. एक वांग्याकडे झुकलेलं, एकात हिरवट झाक, एक नुसतं शाईसारखं, आणि एखादंच साडीच्या पोटातून काढल्यासारखं. फॉल-पिकोवाल्या ताईकडेही तेच. धाग्याच्या गुंड्या दारात आणून पदरावर एकेक तार आडवी टाकून पाहावी लागते. म्हणून मी सांगते, दोन दुकानांतून घेतलेले दोन गर्द निळे एकत्र कधी घालू नयेत. एक दुसऱ्याला जुना ठरवतो.

रंगांना आपल्याकडे किती नावं! आसमानी, फिरोजी, मोरपंखी, रामा, चिंतामणी, अंजिरी, डाळिंबी, शेवाळी. संक्रांतीला नेसायच्या काळ्या साडीला तर चंद्रकळा म्हणतात. काळ्या वस्त्राला एवढं देखणं नाव देणारी भाषा आहे आपली. पण या निळ्याला आमच्या आईच्या तोंडी एकच नाव होतं, 'शाळेचा निळा'. "तो शाळेचा निळा नको घेऊस," असं ती दुकानात म्हणायची, आणि मला ते लगेच पटायचं.

कारण सात वर्षं तो रंग माझ्या कमरेला होता. पांढरं ब्लाउज, निळा स्कर्ट. आमच्या गावच्या शाळेतल्या सगळ्या पोरी त्यातच. वर्षाला एक स्कर्ट मिळेल अशी घरची परिस्थिती नव्हती, म्हणून टेलरला सांगून खालच्या घडीत चार बोटं कापड जास्त दुमडून ठेवलं जायचं. जून आला की आई ओसरीवर बसून ब्लेडनं टाके उसवायची आणि स्कर्ट एक बोट खाली सोडायची. वर्षभर शाळेच्या अंगणात, नळावर, वावरात, बोराटीच्या कुपाटीवर वाळत पडून वरचं कापड राखाडी-जांभळट झालेलं असायचं, आणि दुमडीतून जे बाहेर यायचं ते नवंकोरं, दुकानातून आणल्या दिवसाचं निळं. असं तीन जून झाले. सहावीत असताना माझ्या स्कर्टला खाली तीन पट्टे होते, एकाहून एक गर्द, आणि मधे जुन्या शिवणीच्या पांढुरक्या रेघा. कोणाही पोरीचा स्कर्ट पाहून तो कितव्या वर्षाचा ते सांगता यायचं. प्रार्थनेला रांगेत उभं राहिलं की माझी नजर पुढच्या पोरीच्या स्कर्टच्या खालच्या कडेवर असायची. जिच्या स्कर्टला पट्टे नसत ती सरपंचाची किंवा मास्तरांची पोरगी. त्या पट्ट्यांची मला लाज वाटायची, हे लिहायला आज काही अडचण नाही. तेव्हा मात्र मी मधल्या सुट्टीत स्कर्ट गुडघ्याखाली दाबून बसायची. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आले त्या दिवशी ठरवलं की हा रंग आयुष्यात पुन्हा अंगाला लावायचा नाही. पुढची सोळा-सतरा वर्षं लावलाही नाही. राणी, पोपटी, गुलाबी, आंब्याच्या मोहराचा पिवळा, सगळे घातले. कपाट उघडलं की लग्नघर उघडल्यासारखं वाटे.

तो पट्टा आता आठवतो तेव्हा लाज आठवत नाही, आईची बोटं आठवतात. टाके उसवून झाले की ती दुमडीतलं ते नवं निळं कापड अंगठ्यानं सरळ करायची, तोंडानं पाणी शिंपडायची आणि काशाच्या तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवायची. कापड तापल्याचा वास यायचा, थोडासा खळीचा, थोडासा धुराचा. "पाय, कसं चमकून राह्यलं," म्हणायची. तिला खरोखर ते सुंदर दिसत होतं. मला फक्त पट्टा दिसत होता.

शिक्षिका झाले आणि हा रंग पुन्हा समोर आला, तोही ध्यानीमनी नसताना. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी पोरांकडून तिरंगा रंगवून घेत होते. केशरी भरला, हिरवा भरला, चक्राला सगळ्यांनी खडूच्या डबीतला आसमानी उचलला. मी फळ्यावर लिहिलं, अशोकचक्र, आरे 24, रंग गर्द निळा. 22 जुलै 1947 ला संविधान सभेनं झेंडा ठरवला तेव्हा चक्राचा रंग नेव्ही ब्लूच ठरला, आसमानी नाही. चौथीतली एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, डबीत तो कलरच नाई." खरंच नव्हता. बारा खडूंच्या डबीत तो कलर नसतो. मग आम्ही निळ्यावर काळा फिरवून पाहिला. जोरात फिरवला की चक्र काळं होऊन जाई. हलक्या हातानं, एकच थर, वरून पुन्हा निळा, असं करत करत तासाभरात वर्गातल्या तीस-पस्तीस चक्रांपैकी सात-आठ बरोबर जमली. त्या पोरीनं आपलं चक्र खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि मला लांबून दाखवलं. निळ्याच्या आणि काळ्याच्या मधली ती जागा किती अरुंद आहे हे मी त्या दिवशी पोरांच्या बोटांत पाहिलं. त्याच आठवड्यात मी सतरा वर्षांनी पहिला गर्द निळा कुर्ता घेतला.

नेव्ही म्हणजे नौदल. 1748 मध्ये इंग्लंडच्या नौदलानं अधिकाऱ्यांना गडद निळा गणवेश ठरवून दिला आणि पुढे रंगालाच ते नाव चिकटलं. आमच्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. माझ्या आत्यानं तर तो अजून पाहिलेला नाही. पण नीळ म्हटली की ती आपल्याकडच्या मातीतली. ग्रीकांनी तिला 'भारतातली वस्तू' अशा अर्थाचं नाव दिलं आणि इंग्रजीतला इंडिगो त्यातूनच आला. बिहारातल्या चंपारणच्या कास्तकारांना दर वीस कठ्ठे जमिनीपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती आणि 1917 मध्ये गांधीजी तिथे गेले ते याचसाठी. तोवर जर्मनीत 1897 पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली होती आणि झाडाच्या निळीचा भाव पडायला लागला होता. कास्तकाराच्या मालाचा भाव कुठल्या परक्या देशात ठरतो, हे कापूस पिकवणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाबा रेडिओवर बाजारभाव ऐकायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येई ते चंपारणातल्या माणसाच्या चेहऱ्यावर आलंच असेल.

निळीत कापड बुडवताना मी एकदाच पाहिलं आहे, वर्ध्याला, खादीचं काम करणाऱ्या एका ताईंकडे. जमिनीत पुरलेलं खोल पिंप, वर जांभळट तांबूस फेस, आणि वास असा की पहिल्यांदा पदर नाकाला लावावा लागतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आंबवून, तिच्यातला प्राणवायू काढून घेऊन पिवळट-हिरवी करावी लागते, तेव्हा कुठे ती सुतात शिरते. ताईंनी पांढरं सूत बुडवलं, मनात आकडे मोजावेत तसं ओठ हलवत थांबल्या आणि बाहेर काढलं. सूत हिरवं. कोवळ्या हरभऱ्याच्या पानासारखं. मी म्हटलं, रंग चुकला का? त्या बोलल्या नाहीत, फक्त सूत झटकून हवेत धरलं. माझ्या डोळ्यांदेखत हिरवा विझत गेला आणि कडेकडेनं निळा चढत आला. हवा लागल्याबरोबर. एका बुडवणीत तो आभाळाएवढाच निळा होतो. आणखी बुडवायचा, हवा द्यायची, पुन्हा बुडवायचा. गर्द हवा असेल तर आठ-दहा वेळा. त्यांची नखं कायमची निळी झाली होती. तिथून आणलेल्या खादीचा कुर्ता पहिले काही महिने रंग सोडायचा, घाम आला की मानेवर आणि मनगटावर निळी सावली उमटायची. पाचवीतल्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, शाई सांडली का?" मी मनगट पुढे केलं, त्याला वास घ्यायला लावला आणि सगळी गोष्ट सांगितली.

आता माझ्या कपाटात या रंगाचे सहा-सात कपडे आहेत आणि ते कसे घालावेत याबद्दल माझी ठाम मतं आहेत. गर्द निळ्यावर काळी लेगिंग घालू नये. निळा मरतो आणि काळा धुवट दिसतो. खाली पांढरट, म्हणजे न धुतलेल्या कापसाच्या रंगाची सुती पँट घालावी. पांढराशुभ्र नको, त्यानं लगेच शाळा आठवते. ओढणी मोहरीच्या पिवळ्या रंगाची किंवा विटकरी. सोनं कमी, चांदी जास्त. आईच्या जुन्या गोठांची जोडी मी निळ्या साडीवर घालते, चांदी त्या रंगावर पाण्यासारखी दिसते. पायात तपकिरी चामड्याची चप्पल. जर काठ मोठा असेल तर ब्लाउज साधं ठेवावं आणि काठ बारीक असेल तर ब्लाउज हळदी किंवा डाळिंबी घ्यावं. कापड मात्र सुतीच. चकाकणाऱ्या सिंथेटिकमध्ये हा रंग उथळ दिसतो, त्याची सगळी खोली जाते. धुताना उलटा करायचा, सावलीत वाळवायचा. आणि होळीनंतर कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून द्यायचा तो मृग लागेपर्यंत. पारा 45 च्या घरात असताना गर्द निळा घालून एसटीच्या खिडकीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. गावात राहणाऱ्या बाईनं एवढा विचार करून कपडे घालावेत का, असं मला विचारलं गेलं आहे. विचारणाऱ्यांना वाटतं नीटनेटकं दिसण्याची हौस शहरातल्या बायकांसाठी आहे. मुरुमाच्या रस्त्यानं सहा किलोमीटर स्कूटीवर शाळेत जाते, कुर्त्याच्या कडेवर तांबडी धूळ बसते, ती शाळेच्या नळावर ओल्या हातानं पुसून मगच मी वर्गात पाऊल टाकते. समोर बसलेल्या पोरींनी आपली बाई नीट कपड्यांत पाहावी असं मला वाटतं.

पण हे सगळं सांगून झालं तरी तो 'हं' राहतोच.

माझी एक बालमैत्रीण आहे, शाळेत माझ्यामागच्या रांगेत बसायची. तिच्याही स्कर्टला पट्टे होते. आता उपकेंद्रात नर्स आहे. तिचं घर विहाराच्या बाजूला. गेल्या 14 एप्रिलला सकाळी तिच्याकडे गेले तर तिचे बाबा आरशासमोर उभे राहून कोटाची बटणं लावत होते. गर्द निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय. वय पंचाहत्तरच्या आसपास, आयुष्यभर लोकांच्या वावरात राबले, शेवटची काही वर्षं शाळेत शिपाई होते. सकाळचे नऊ वाजले होते आणि अंगणातला पत्रा तापायला लागला होता. मी जयभीम केला आणि न राहवून म्हटलं, "काका, उकडत नाही का वो?" ते आरशातूनच म्हणाले, "उकडते त. पन थंड राहासाठी थोडीच शिवला मी हा."

तो कोट त्यांनी पोरीला नोकरी लागली त्या वर्षी शिवला. पहिल्या पगारातून तिनं कापड घेऊन दिलं, टेरीकॉट, आणि यवतमाळच्या टेलरनं दोन ट्रायल घेऊन शिवून दिला. वर्षातून दोनदा निघतो. एकदा जयंतीला आणि एकदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना. एरवी डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत. त्यांनी मला कोटाची कॉलर उलटून दाखवली. खांद्यावर मिरवणुकांच्या उन्हानं रंग थोडा जांभळट झाला होता, आणि कॉलरच्या खाली, ऊन कधीच न लागलेल्या जागी, कापड दुकानातून आणल्या दिवसाचं होतं. मी तिथे बोट लावलं. आईनं सरळ केलेली दुमड मला तिथे दिसली, आणि बोलता येईना.

मैत्रिणीची आजी 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षेसाठी नागपुरात होती. त्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, बाबासाहेबसुद्धा. आजी एकच पांढरं लुगडं धुऊन, रात्रभर घडी करून उशाखाली ठेवून गेली होती, हे मैत्रीण सांगते. निळा आमच्या भागात त्याआधीच आलेला. 1942 मध्ये नागपुरातच बाबासाहेबांची शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभी राहिली आणि तिचा झेंडा निळा होता. आणि पुतळा तर प्रत्येक गावात एकाच रूपात उभा आहे, निळा कोट, डाव्या हातात संविधान, उजव्या हाताचं बोट पुढे. ज्यांना चांगलं वस्त्र, चांगला दागिना अंगावर घालायची मुभा गाव देत नव्हतं, त्यांच्यातला माणूस तीन तुकड्यांचा सूट घालून उभा राहतो, तेव्हा त्या शिवणकामाला केवढा अर्थ येतो. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की लुगडं नीट पायापर्यंत नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्या. आणि बायकांनी तिथल्या तिथे नेसणं बदललं. कपड्यांचा विचार करणं ही पोकळ हौस आहे असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

आणि मग मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवते, जी मी फारशी कोणाला सांगत नाही. आठवीत असताना मामानं मला निळं फ्रॉक आणलं होतं, शाळेच्या निळ्यापेक्षा उजळ, गळ्याला पांढरी लेस. एका सकाळी ते घालून बाहेर पडत होते तर घरातल्या एका मोठ्या माणसानं दारातच हटकलं. "आज हे नको. आज तारीख किती आहे?" तारीख 14 एप्रिल होती. मी आत जाऊन फ्रॉक बदललं. काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. दुपारी मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली, त्यात मैत्रीण होती, निळ्या फितीत, आणि तिनं मला हात केला. मी हिरव्या झग्यात ओसरीवर उभी. मीही हात केला. ती गोष्ट तिला अजून माहीत नाही. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे.

म्हणून मांडवातल्या त्या 'हं'चा मी इतका कीस काढत बसले. आत्याच्या मनात काळ्याचा हिशेब मिटला आणि निळ्याचा उघडला असं तर झालं नसेल? गावात रंग वाटून दिलेले असतात, कोणत्या झेंड्याचा कोणता, कोणत्या आळीचा कोणता, आणि हे वाटप इतकं मुरलेलं असतं की साडीच्या पदरापर्यंत येऊन पोचतं. मला जास्त बोचलं ते माझं स्वतःचं वागणं. मी किती घाईनं पदर उन्हात धरला! काळी असती तर काय बिघडलं असतं? निळी आहे हे सिद्ध करायची मला एवढी काय गरज पडली? चार बायकांसमोर मी माझ्या आवडत्या साडीची बाजू मांडत होते की स्वतःची सुटका करून घेत होते, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

आणि आत्याचा तरी दोष किती धरू? एकोणतिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. त्यानंतर तिच्या अंगावर मी कधी गडद रंग पाहिला नाही. फिकट राखी, फिकट बदामी, धुऊन धुऊन रंग उरलेला नाही अशी पातळं. तिला कोणी बसून सांगितलं असेल की आता हे नेसायचं आणि ते नाही, की कोणी न सांगताच तिला कळलं असेल? लग्नात ती पुढच्या रांगेत बसत नाही, हळद लावायला उठत नाही, कोणी अडवत नसतानाही. काळ्या-निळ्याचे नियम तिनं ज्या कडकपणे पाळले तेवढे आमच्या घरात कोणी पाळले नाहीत, आणि त्या नियमांनी तिला काहीच दिलं नाही. एखाद्या वेळी त्या 'हं'मध्ये झेंडा नसेलही. उन्हाच्या पट्टीत अचानक उजळलेला तेवढा गर्द रंग इतक्या जवळून पाहून तिला नुसतं काहीतरी झालं असेल. मला विचारायचं होतं. चार महिन्यांत दोनदा भेटलो, विचारणं जमलं नाही. पुढे पावसाळा गेला, पेरण्या, डवरणी, फवारणी यात कोणाला सवड नव्हती.

दसऱ्यानंतर तिच्याकडे गेले. सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी लागली होती, आणि भाव बरा येईपर्यंत विकायचा नाही म्हणून मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. त्या खोलीचा वास मला जगातल्या कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. उन्हाचा, सरकीचा, वाळक्या पानांच्या चुऱ्याचा. अंगात तो वर्ध्याचा निळा कुर्ता होता. आत्या म्हणाली बस, आणि बसायला जागा नव्हती म्हणून मी कापसालाच टेकून बसले, लहानपणी बसायची तशी. चहा झाला, पराटीवरच्या बोंडअळीचं झालं, माझ्या बदलीचं झालं. निघायला उठले तर पाठ, बाह्या, खांदे पांढरेफटक. कापसाच्या गावात गर्द निळा घालणाऱ्याला हे चुकत नाही. एकेक तंतू त्या रंगावर वेगळा दिसतो, झटकून जात नाही.

"थांब," आत्या म्हणाली. माझं मनगट धरून तिनं मला दारापाशी नेलं. "इकडं ये, उजेडात." उंबऱ्यावर उभं करून ती माझ्या पाठीवरचे तंतू वेचायला लागली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले तिचे डोळे कापडाच्या अगदी जवळ. बोटं मात्र पन्नास वर्षं बोंडं वेचलेली, एकही चिमटा वाया जात नव्हता. "निळ्यावर लय दिसते वं," म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही. वेचून झालं तरी तिचा हात खांद्यावर होता, अंगठ्यानं कापड चाचपत होती, आईसारखा. "मऊ हाय," म्हणाली.

मग डाव्या तळहातावर जमलेला तो चिमूटभर कापूस तिनं सवयीनं दोन बोटांत घेतला, मांडीवर वळून त्याची वात केली आणि कोनाड्यात ठेवली.